एका बोटाचं काम

नवी आवृत्ती सुरू झाली त्या दिवशी दुपारी ती नणंदेच्या खुर्चीमागे उभी होती, आणि तिचं सगळं लक्ष नणंदेच्या बोटांवर होतं. पडद्याकडे बघायची तिला गरजच नव्हती. रुग्णवाहिका पाठवणाऱ्या या कक्षातलं सॉफ्टवेअर तिनंच लिहिलं होतं, आणि त्यातले शॉर्टकट म्हणजे तर तिचा जीव की प्राण.

जुन्या आवृत्तीत बटणं कुणीतरी डोळे मिटून वाटल्यासारखी होती. गाडी रवाना करायला एफ नऊ, म्हणजे हात उचलून पार पलीकडे न्यायचा. नोंद बंद करायला माउस शोधा, मग 'खात्री आहे का?' या चौकटीला उत्तर द्या. तिनं सगळं निस्तरलं. गाडी रवाना करणं आणलं एफ चारवर, डाव्या हाताच्या टप्प्यात. एफ नऊ रिकामं झालं, तिथं तिनं नोंद बंद करणं बसवलं. ती चौकट काढून टाकली, कारण लोक ती न वाचताच 'हो' म्हणतात. वर नोंद बंद झाली की फोनही आपोआप तुटेल, अशी सोय केली. एका बोटात दोन कामं! या सोयीवर ती भलतीच खूश होती.

चाचणी तिनं नव्यानं भरती झालेल्या मुलींवर घेतली, कारण जुन्या बायकांना फोनवरून उठवणं शक्यच नव्हतं. मुली सुसाट सुटल्या. एकीचंही बोट चुकलं नाही. चुकणार तरी कसं? त्यांच्या बोटांना कसली सवयच नव्हती.

"माझ्या भावाला मुठीत ठेवलंस ते ठेवलंस," नणंद मान न वळवता म्हणाली, "आता माझी बोटंही तुझ्याच ताब्यात. कर बाई कर, राज्य कर."

"ताई, आठवडाभरात तुम्हीच म्हणाल, जुनं नको म्हणून."

नणंद हसली. नवी बटणं तिनं इमानेइतबारे पाठ केली होती, आणि सकाळपासूनच्या साध्या फोनांवर तिचं काही अडलं नव्हतं. कुणाचा पाय मुरगळला होता, कुणाला ताप होता. प्रत्येक वेळी विचार करायला वेळ मिळत होता.

मग तो फोन आला. स्पीकरवर एका माणसाचा आवाज फुटत होता. बायको जिन्यावरून पडली होती. सातवा महिना. रक्त थांबत नव्हतं.

"पत्ता सांगा. शांतपणे सांगा, मी आहे इथं," नणंद म्हणाली, आणि तिची बोटं धावायला लागली. भावजय त्या बोटांकडे बघत राहिली. काय वेग होता! पत्ता कानातून थेट बोटांत उतरत होता, मध्ये डोक्यात थांबत नव्हता. शेवटचं अक्षर पडलं आणि उजवा हात उचलला गेला. वर्षानुवर्षं जात होता तसाच तो पलीकडे गेला, एफ नऊवर.

माणसाचा आवाज मध्येच तुटला. पडदा कोरा झाला, त्याचा नंबरही नोंदीबरोबरच गेला.

"गेली ना गाडी?" नणंदेनं विचारलं, आणि मग तिलाच कळलं. "अगं, हे काय झालं? नोंद कुठाय?"

 बंद झालेली नोंद मुख्य साठ्यात जाते आणि तिथून काढायला वरून परवानगी लागते, त्यात वेळ जातो, हेही भावजयीनंच ठरवलं होतं. "पत्ता आठवतोय, ताई?"

"जिना म्हणाला... कुठली तरी कॉलनी... नाही गं, नाही आठवत! तू बघत होतीस ना?"

"मी बोटं बघत होते."

तेवढ्यात फोन पुन्हा वाजला. नणंदेचा हात झेपावला, आणि भावजयीनं तिचं मनगट घट्ट पकडलं.

"उचलू नका!"

"सोड! तोच असेल!"

"नसला तर? नवा फोन घेतला की नवी नोंद उघडते, या मशीनवरची जुनी पुसली जाते. पुढची नोंद उघडेपर्यंतच तिची प्रत इथं असते. वाजू द्या. दुसऱ्या टेबलावर जाईल."

फोन वाजत राहिला. कुणीतरी मदत मागत होतं आणि त्या दोघी ते नुसतं ऐकत होत्या. नणंदेच्या डोळ्यांत पाणी आलं. शेवटी शेजारच्या टेबलावर तो उचलला गेला, आणि तिथून एका म्हाताऱ्या बाईचा आवाज आला. तो माणूस नव्हता.

नोंद परत आणायची एक वाट होती. चाचणीच्या वेळी स्वतःच्या सोयीसाठी तिनं ती ठेवली होती आणि कुणाला सांगितली नव्हती. चुकूनही कुणाचा हात लागू नये म्हणून तिनं मुद्दाम ती अवघड केली होती: चार बटणं, कीबोर्डवर लांब लांब पसरलेली, एकदम. तिनं हात पुढे केले, पण दोन हातांत चारही बटणं एकदम येईनात. एकदा दाबलं, चुकलं. पुन्हा दाबलं, पुन्हा चुकलं. बंद करायला एक बोट आणि परत आणायला ही कसरत, हे आपण कुठल्या डोक्यानं ठरवलं? तिला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

"ताई, कंट्रोल आणि शिफ्ट तुम्ही धरा. घट्ट. सोडू नका."

नणंदेनं धरली. उरलेली दोन तिनं दाबली.

पडद्यावर पत्ता आला. नणंदेचा उजवा हात लगेच उचलला गेला, पुन्हा पलीकडे.

"एफ चार!" भावजय ओरडली. हात हवेतच थांबला, आणि डाव्या हातानं गाडी रवाना झाली.

 भावजयीनं नोंद बंद करण्याचं काम एफ नऊवरून काढलं, ती चौकट परत बसवली आणि नोंद परत आणणं एका बटणावर ठेवलं. हे करताना तिचं निम्मं लक्ष गाडीच्या निरोपाकडे होतं. निरोप आला तेव्हा नणंदेनं तो मोठ्यानं वाचला. बाई रुग्णालयात पोचली होती. शुद्धीवर होती. बाळाचे ठोके लागत होते.

कक्षप्रमुख बाई अहवालाचा कागद घेऊन आल्या. "फोन चालू असताना नोंद बंद केली गेली," त्या नणंदेकडे बघत म्हणाल्या. "इतक्या वर्षांच्या अनुभवानंतर ही चूक? कारण लिहून द्यावं लागेल."

नणंदेनं खाली मान घालून पेन उचललं.

"त्यांनी नाही, मॅडम. ती नोंद मी बंद केली," भावजय म्हणाली.

"तुम्ही? तुम्ही तर मागे उभ्या होतात. तेव्हा कीबोर्डला हातही लावला नव्हता."

"तेव्हा नव्हता लावला. ते बटण मी माझ्या टेबलावर बसून दाबलं होतं, चांगला महिना झाला. त्याचा परिणाम बाहेर पडायला आजचा दिवस लागला."

तिनं नणंदेच्या हातातलं पेन काढून घेतलं, तिच्या शेजारी खुर्ची ओढली आणि कारण लिहायला बसली.