माझे वाकडे टोक

मी एक जुना टेप आहे. डबीत गुंडाळून बसणारा, पोलादी पट्टीचा. माझ्या एका काठावर इंच आहेत, दुसऱ्यावर सेंटीमीटर. मित्रांनो, जन्मभर एकाच पट्टीवर राहूनही या दोघांचे कधी जुळले नाही.

कारखान्यातून निघालो तो एका सुताराच्या खिशात आलो. त्यांच्या कामातही दोन्हींचा संसार होता. प्लायवूड आठ बाय चार फुटांचे, जाडी मात्र अठरा एमएम! ते स्वतः पक्के इंचवाले. एकदा मी शिडीवरून पडलो आणि माझ्या टोकाची आकडी वाकली. नवा टेप आणायचे सोडून त्यांनी एका इंचावर लाल खूण केली. माप तिथून धरायचे आणि आलेल्या आकड्यातून एक वजा करायचा. त्यांची कपाटे तंतोतंत बसत. लोक त्यांचे कौतुक करत आणि त्यातले थोडे मी गुपचूप स्वतःकडे घेई.

पुढे त्यांनी काम सोडले. मी गेलेले बल्ब आणि बिनकुलपाच्या किल्ल्या असलेल्या खणात जाऊन पडलो. वाईट वाटले, खोटे कशाला बोलू?

मग त्यांच्या लेकीने मला बाहेर काढले. बाबांचा पाय मोडला होता. न्हाणीघरात त्यांना दोघांनी धरून न्यावे लागे आणि तेव्हा ते मान वर करत नसत.

"मला एकट्याला जाता येईल असं काहीतरी कर," एवढेच ते म्हणाले.

आत धरायच्या दांड्या बसवून झाल्या होत्या. आता व्हीलचेअर दारातून जायला हवी होती. दुकानदाराने तिची रुंदी साडेपासष्ट सेंटीमीटर सांगितली. लेकीने दार पूर्ण उघडून माझा सेंटीमीटरचा काठ चौकटीला लावला.

"लाल खुणेपासून धर आणि एक वजा कर गं!" बाबा खाटेवरून ओरडले.

सदुसष्टातून एक गेला, सहासष्ट उरले. "जातेय बाबा!" ती म्हणाली.

मी कसे सांगणार? लाल खुणेपाशी, सेंटीमीटरच्या काठावर, अडीच होते; म्हणजे वाट साडेचौसष्टचीच.

खुर्ची आली आणि दारातच अडकली. बाबा तिच्यात बसलेले.

"तुम्हीच म्हणालात ना, एक वजा कर?"

"इंचात म्हटलं गं! माझ्या डोक्यात दुसरं काही येतच नाही."

बाबांचे हात चाकांवर तसेच राहिले. मग त्यांनी स्वतःच बसवलेल्या त्या दाराकडे पाहिले.

"बिजागऱ्या काढ. दार उतरलं की त्याच्या जाडीइतकी जागा मिळेल. पडदा लाव."

लेकीने दार उतरवले, पडदा लावला. खुर्ची आत गेली.

"आता तिथे उभी राहू नकोस. जा तू," आतून आवाज आला. ती स्वयंपाकघरात गेली, हसली आणि रडलीही. मग पक्कड घेऊन तिने माझी आकडी सरळ केली आणि लाल खूण खरवडून टाकली.

मित्रांनो, आमची वाकडी टोके वेळीच सरळ करा. तुम्हाला त्यांची सवय होऊन जाते, पुढच्या हाताला ती ठाऊक नसतात.

त्या चौकटीला अजून पडदाच आहे. तो सरकल्याचा आवाज आला, तरी आता बाबांना धरायला घरात कोणी उठत नाही.