पुसता पुसता लाईन गेली

‘कायमचं पुसायचं?’ असं पडद्यावर आलं आणि पूनमने ‘हो’ दाबलं. हिरवी पट्टी सरकू लागली. तिच्यावर नाव होतं, हर्षल. सुनेला चहाला हाक मारायला आलेले शेषराव दारातच थांबले. कॉम्प्युटरचं त्यांना फारसं कळत नव्हतं, पण गेलेल्या मुलाचं नाव वाचता येत होतं. ते ओरडले नाहीत, त्यांनी काही विचारलंही नाही. विहिरीवरची मोटर जळायला लागली की माणूस आधी लाईन तोडतो. ते व्हरांड्यात धावले आणि त्यांनी मेन स्विच खाली ओढला. पट्टी निम्म्यावर आली होती, पूनम खुर्चीतून उठून म्हणत होती की मामाजी, तुम्हाला वाटतं तसं

 

पूर्ण झालेलं: हर्षल अपघातात गेला, त्याचं वर्षश्राद्धही झालं. पूनमचं सामान बांधून झालं. तिला न्यायला भाऊ जळगाव जामोदहून निघाला.

अर्धवट: वरचं वाक्य. तिने ते पुन्हा उचललं नाही.

मागच्या गल्लीतून नागसेनला बोलावलं. जानेफळात कॉम्प्युटर दुरुस्त करणारा तोच. पूनम घरी बसून लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरायची, तिचा हा कॉम्प्युटरही त्यानेच बसवून दिलेला. सुनेकडे न बघता शेषरावांनी त्याला विचारलं, पोराचं काही उरलं का.

“घाबरू नका काका. जुन्या मशीनचा असा मेन पाडला असता तं सगळा गोंधळ झाला असता. हे डिस्क काय करायचं ते आधी लिहून ठेवते, मंग करते. लाईन आली की तेच वाचते. पक्कं झालेलं पूर्ण करते, अर्धवट सोडून देते. फाईल एक तं आख्खी, नाही तं नाहीच.”

त्याने मेन स्विच वर केला. पडद्यावर पांढऱ्या अक्षरांच्या काही ओळी आल्या, गेल्या. चहा निवायच्या आत मशीन उभं राहिलं. निम्म्या फाईली शाबूत होत्या. त्यांत फोटो एकही नव्हता. सगळे आवाज.

“लाव एखादा,” शेषराव म्हणाले.

“मामाजी, नका ऐकू.”

“तुले पुसायचं होतं. मले ऐकायचं आहे.”

नागसेनचा हात थबकला. बटण शेषरावांनीच दाबलं.

ताट पडलं. मग हर्षल, अगदी जवळून, शांतपणे.

“रड. बोलाव बाबाले. थो काय करते पाहू.”

काहीतरी भिंतीवर आदळलं. पूनमचा आवाज, शब्द नसलेला. आणि मागे, बैठकीतल्या टीव्हीचा आवाज वाढला. आणखी वाढला.

त्या घरात रिमोट एकाच माणसाच्या हातात असायचा.

नागसेन फरशीकडे बघत राहिला. शेषरावांनी बैठकीच्या दाराकडे वळून पाहिलं. पूनमने माऊस आपल्याकडे ओढला. फोनवर लपून रेकॉर्ड केलं होतं, ती हळू आवाजात म्हणाली, पोलिसांत द्यायला. आता तुम्ही आईबापांनी हे कशाला ऐकायचं.

शेषरावांनी माऊसची वायर मुठीत धरली.

“राहू दे,” ते म्हणाले. “तुह्याजवळ राहू दे.”

आतून हर्षलच्या आईचा, मनकर्णाबाईंचा आवाज आला.

“लेकराचं काही वाचलं काय हो?”

“वाचलं.”

त्यांनी दुसरी खुर्ची ओढून पडद्यासमोर ठेवली.

“गॅस बंद कर अन् इकडं ये. बस.”