न विसळलेला कप

माझ्या वर्गाचा नियम एकच: कवीच्या नावावर चिकटपट्टी. दर गुरुवारी मी घरून पेटी नेते आणि वाचनालयाच्या माडीवर आम्ही तिच्यातून एक कविता काढतो. शंभर वर्षांपूर्वीची असो की परवाची, ओळ न् ओळ सोलून होईपर्यंत पट्टीला कोणी हात लावायचा नाही. नाव दिसलं की माणसं कविता सोडून नावापुढे माना डोलवतात. बावीस वर्षं मी हे चालवतेय, आणि शेवटचा शब्द माझाच असतो, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही.

त्या गुरुवारी मी सकाळपासूनच तिरसटलेली होते. ओट्यावर माझा चहाचा कप तसाच पडला होता, तळाला चहा वाळलेला. आई गेल्यापासून घर धाकटी बहीणच बघते. "हे काय गं?" म्हणून मी करवादले आणि तरातरा निघून आले.

पेटीत सगळ्यात वर होती ती कविता टाइप केलेली होती, पाचच ओळींची:

कडीची सुतळी रोज सोडते, रोज बांधते.
तुझा चष्मा शोधून देते.
दोन कप विसळते.
आज एकच विसळला.
पुसून कोरडा केला.

"बाई रुसली आहे," मी सुरुवात केली. "आज एक कप, उद्या पुन्हा दोन. अशी माणसं कुठे जात नाहीत." निवृत्त तिकीट तपासनीसांनी मान डोलावली. ते माझ्या सगळ्याच वाक्यांना डोलावतात.

शिंपीणबाई मात्र कागद डोळ्यांजवळ धरून बसल्या होत्या. त्या तीन महिन्यांपूर्वी वर्गात आल्या. कापड उलटं करून शिवण बघावी तशी त्या कविता बघतात.

"रुसलेली बाई भांडी आपटते," त्या म्हणाल्या. "ही शांत आहे. आणि कप पुसला कशाला? आपण पालथा घालतो, आपोआप निथळतो. लगेच कोरडा करायचा तो कागदात गुंडाळायला. बाई, ही चालली. स्वतःचा कप घेऊन चालली."

मी पुन्हा पहिली ओळ वाचली. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीची कडी कधीची मोडलीय, सुतळीने बांधलेली असते. सुतळ्या काय घरोघरी असतात, मी स्वतःला दटावलं. पण मन थाऱ्यावर राहीना. मी खिडकीशी गेले, परत आले, चष्मा काढला, लावला. महिन्यापूर्वी धाकटीला दुसऱ्या गावी वसतिगृहावर देखरेखीचं काम मिळत होतं. "तुला जमायचं नाही," एवढं बोलून मी तो विषय मिटवला होता. मला तिच्याशिवाय जमायचं नाही, हे खरं वाक्य होतं.

मी पट्टीला नख लावलं.

"बाई!" तपासनीस जन्मात पहिल्यांदा मला आडवे आले. "अजून चर्चा संपली नाही. नियम तुमचाच."

"नियम घाला चुलीत," मी म्हणाले, आणि कागद तिथेच टाकून जिना उतरले. नाव बघायची गरजच उरली नव्हती. गुडघा ठणकत होता तरी रस्ताभर मी जवळजवळ पळत होते.

दार उघडंच होतं. धाकटी चपला घालत होती. शेजारी बॅग, आणि बॅगेच्या वरच्या कप्प्यात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी गोल.

"वाचलीस?" तिने विचारलं.

"वाचली."

"काय ठरलं वर्गात?"

दर गुरुवारी मी तिला वर्गात काय ठरलं ते सांगत आले. तुला काय वाटतं, असं मात्र एकदाही विचारलं नाही.

"मी म्हणाले, ती रुसली आहे. उद्या दोन्ही कप विसळेल. शिंपीणबाई म्हणाल्या, ती चालली."

"मग बरोबर कोण, ताई?"

जाऊ नकोस, हे अगदी ओठांवर आलं होतं. मी म्हटलं असतं तर ती राहिली असती, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं.

"शिंपीणबाई," मी म्हणाले.

तिचे डोळे भरले. माझेही भरले होते, म्हणून मी ओट्याकडे वळले आणि माझा कप नळाखाली धरला. बॅग उचलल्याचा आवाज आला. पावलं दारापाशी थांबली.

"तळाशी बोट फिरव," धाकटी म्हणाली, "डाग राहतो." आणि तिने बाहेरून दार ओढून घेतलं.