आनिसियोकाकांचे ओले दगड

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे. पण लग्नामुंजीत फोटो काढणाऱ्यांतला नव्हे. ब्राझीलमधल्या मिनासच्या डोंगरांत, दगडांच्या नमुन्यांनी भरलेल्या शेडमध्ये माझं आयुष्य गेलं. दगडावर उजेड पडला की त्यातलं प्रत्येक खनिज आपापले रंग गिळतं. तुम्हाला दगड नुसता तांबूस दिसतो. मला मात्र कोणते रंग गिळले गेले ते कळतं, आणि त्यावरून आत दुर्मिळ खनिज आहे का, हे मी सांगतो. त्यापासून विजेवरच्या मोटारींचे चुंबक होतात, त्यामुळे माझं कौतुक काही विचारू नका.

माझ्यासमोर दगड मांडायचं काम आनिसियोकाकांचं. खाणीतल्या जुन्या माणसांची खोड त्यांनाही होती. दगड हाती आला की चाटायचा, म्हणजे त्याचा रंग खुलतो. पण ओल्या दगडापुढे माझं काही चालत नाही. पाणीच उजेड गिळून बसतं. मग आमच्या भूवैज्ञानिक जुरेमाबाई चिडत.

“काका, दगड आहे तो, गुळाचा खडा नाही.”

“तुम्ही कॉफीबरोबर काही खायला देत नाही, मग मी तरी काय करू?”

एके दिवशी काकांच्याच टेकडीचे दगड आले. टेकडीवर त्यांचं घर होतं आणि दारात त्यांच्या बायकोनं, देओलिंडानं, लावलेलं, खोडालाच जांभळासारखी फळं धरणारं जाबुचिकाबाचं झाड. ती गेल्यापासून काका रोज संध्याकाळी त्या झाडाशी बोलत बसत. खनिज निघालं की टेकडी खोदणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

त्या दिवशी काकांनी एकेक दगड ओल्या फडक्यानं पुसून माझ्यासमोर ठेवला. मला पाण्याखेरीज काही दिसेना. खरं सांगतो, मला हायसं वाटलं.

जुरेमाबाई माझ्या पडद्यावरचं चित्र बघत राहिल्या. मग त्यांनी एका दगडावर हात ठेवला.

“काका, हे ओले आहेत.”

“जुनी खोड, बाई.”

“आज तुम्ही चाटले नाहीत. पुसलेत.”

काका खाली बघत म्हणाले, “झाडाला फुलं आलीत गं. एवढा बहर तरी होऊ दे.”

बाईंचे डोळे भरून आले. “मी नाही तपासले तर दुसरं कुणीतरी तपासेल, काका.” त्यांनी दगड उन्हात वाळत घातले.

दगड वाळले. मी पाहिलं आणि जे दिसलं ते सांगितलं. मित्रांनो, मला खोटं बोलता येत नाही. त्या दिवशी यायला हवं होतं, असं फार वाटलं.

टेकडी गेली, झाडही गेलं. पुढे माझ्या जागी नवा कॅमेरा आला आणि मी कोपऱ्यात धूळ खात पडलो. काम सोडताना काका माझ्याजवळ आले. खिशातून झाडाच्या बुंध्याजवळचा एक खडा काढला, चाटला आणि माझ्या भिंगासमोर धरला.

“सांग बाबा, आता काय दिसतंय?”

मी केव्हाचा बंद होतो. काकांनी थोडा वेळ वाट पाहिली आणि खडा परत खिशात ठेवला.

जुन्या वस्तूंना जपा, असं माझ्यासारखे सगळेच सांगतात. माझ्यावरची धूळ राहू दे. पण दगडात काय आहे हे विचारण्याआधी, तो कुणाच्या दारातला आहे, एवढं विचारत जा. तेवढं मला कधी दिसत नव्हतं, मित्रांनो. ते तुम्हालाच बघावं लागेल.