गाठोड्यावर बसलेली बाई

"तापीवर आल्यावर ही खाली बघेल का गं?"

गजेंद्रने गॅलरीतून विचारलं तेव्हा मी दुधापाशी उभी होते. दूध वर येत असताना मला काही विचारायचं नाही, हा आमच्या घरातला नियम आहे आणि तो रोज मोडला जातो.

"बघेल की. नदी पहिल्यांदाच वरून बघतेय बिचारी."

"घाबरेल?"

"तू घाबरला असतास. ती नाही घाबरणार."

त्याला ते पटलं असावं, कारण पुढचा प्रश्न आला नाही. टॅब्लेटवर पेन घासल्याचा बारीक आवाज तेवढा येत राहिला.

ही म्हणजे गाठोड्यावर बसून उडणारी म्हातारी. माझा नवरा सुरतेत पर्वत पाटियाजवळच्या एका स्टुडिओत साड्यांची डिझाइनं करतो. दिवसभर फुलं, पानं, कोयऱ्या आणि मोर. संध्याकाळी घरी आल्यावर त्याला तुळशीचं पानसुद्धा बघवत नाही. पण सकाळी, कामावर जायच्या आधी, तो गॅलरीत मांडी घालून बसतो आणि स्वतःचं कॉमिक काढतो. दर गुरुवारी त्याचं एक पान इन्स्टावर जातं. पैसे कुणी देत नाही, काढायला कुणी सांगितलेलं नाही. बायका म्हाताऱ्या झाल्या की देवाला लागतात, तसा हा तिशीतच या म्हातारीला लागला.

बोलणं मात्र माझं. तो चित्र काढतो, मी फुग्यात शब्द भरते. विमा ऑफिसात दिवसभर लोकांची गाऱ्हाणी ऐकते, त्यातलं काही तिथे वापरून टाकते. "हात माझा, तोंड तुझं," असं तो म्हणतो. घरात तरी वेगळं काय चालतं!

गोष्ट साधी आहे. भेस्तानच्या चाळीत एक बाई साड्यांचे सुटलेले धागे कापायचं काम करते. एका दुपारी साड्यांच्या गाठोड्यावर तिचा डोळा लागतो आणि गाठोडं उठून गॅलरीबाहेर निघतं. तेव्हापासून ती सुरतेवरून फिरते आहे. मिलच्या धुराड्यांवरून, उड्डाणपुलांवरून, कबुतरांमधून. कुठे निघाली आहे ते गजेंद्रने मलाही सांगितलं नव्हतं. वाचणारे ओंजळभर. धुळ्याची एक नर्स प्रत्येक पानाखाली "मन्ही आजी!" लिहायची आणि दुबईचा कुणी एक फक्त एवढंच विचारायचा, "पुढे?"

आमच्या चाळीतल्या कुणीही ती म्हातारी ओळखली असती. ठेंगणी, पदर कमरेला खोचलेला, गळ्यात दोरीला बांधलेली छोटी कातर. त्या माझ्या सासूबाई, उषाबाई. आणि नेमकं त्यांनाच आम्ही ते कधी दाखवलं नव्हतं.

त्याला कारण होतं. हे लोक खानदेशातून सुरतेला आले ते कापडाच्या आधारावर. सासरे गेल्यावर आईंनी धागे कापून गजेंद्रला वाढवलं. त्यांच्या लेखी साड्यांचं गाठोडं म्हणजे लक्ष्मी. त्याला पाय लागला तर हात लावून तो डोळ्यांना लावायचा. लग्न होऊन मी नवी आले तेव्हा कंटाळून गाठोड्यावर टेकले होते, तर त्या दिवशी मला जे ऐकावं लागलं ते माझ्या माहेरी साताऱ्यात सात पिढ्यांना ऐकवलं नसेल. आणि इथे पोटच्या पोराने त्यांनाच गाठोड्यावर बसवून गावभर उडवलं होतं.

"आईने बघितलं तर मला घरातून काढेल," गजेंद्र म्हणायचा. मग आम्ही फोन उपडा करून ठेवायचो.

उन्हाळ्यात एका संध्याकाळी तो कामावरून आला आणि चहाला नको म्हणाला. आई खाली भजनाला गेल्या होत्या. सासूबाई घरात असल्या की मी त्याला अहो म्हणते, नसल्या की अरे.

"काय झालं रे?"

"शेठने आज एक फोटो दिला. म्हणाले, 'गजुभाई, आ जुओ, एकदम नवुं छे. आनी साडी बनावो.' याची साडी करायची म्हणे."

त्याने फोन पुढे केला. फोटोत आमची म्हातारी होती. आमच्याच पानावरची, तापीवरून खाली बघणारी. फुग्यांच्या जागी कुणीतरी पांढरं फासलं होतं.

"शेठकडे कुठून आलं हे?"

"मार्केटमधल्या एका व्यापाऱ्याने पाठवलं. त्याला आणखी कुणी तरी. कुणाचं आहे ते कुणालाच माहीत नाही."

"तू सांगितलंस ना, माझं आहे म्हणून?"

त्याने फोन उपडा करून ठेवला.

"गजू!"

"कुठल्या तोंडाने सांगू? परवाच मी कुणाचं तरी कमळ उचललं. पाकळ्या फिरवल्या, रंग बदलला, झालं नवं डिझाइन. सुरतेत फुलाला बाप विचारत नाहीत, गौरी. इतकी वर्षं मीही विचारला नाही. आता स्वतःवर आल्यावर कसा विचारू?"

मला त्याचा राग आला, शेठचा आला आणि त्या पांढरं फासणाऱ्याचा सगळ्यात जास्त आला. चोरांनी माझा नवरा ठेवून घेतला होता आणि मला पुसून टाकलं होतं.

"मग नाही म्हणायचं. दुसरा कुणी करेल."

"दुसऱ्याने तिचा हात मोडला असता. घाईत करतात सगळे. गळ्यातली कातर नको म्हणून उडवली असती. म्हणून मीच घेतलं."

नंतर कितीतरी दिवस तो स्टुडिओत तेच काम करत होता. घरी आला की त्यावर बोलायचा नाही. गुरुवार आला आणि पान गेलं नाही. पुढचाही तसाच गेला. सकाळी तो झोपून राहायला लागला. त्याचं पेन चमच्यांच्या भांड्यात पडलं होतं. मी ते रोज घासायच्या वेळी बाहेर काढायची आणि पुन्हा तिथेच ठेवायची. तो आपणहून मागेल अशी आशा होती.

"काढणार नाहीस का आता?" एकदा विचारलंच.

"कुणासाठी? आता ती मार्केटची झाली. कुणीही नेसेल, कुणीही पोतेरं करेल. माझी कुठे राहिली ती?"

दुबईवाल्याने "पुढे?" विचारलं. मग पुन्हा विचारलं. मी त्याला "थांबा" एवढंच लिहिलं. हा कायमचाच थांबला की काय, ही भीती मलाच होती. आमच्या घरात त्या एका म्हातारीखेरीज असं काही नव्हतं, जे कुणी सांगितल्याशिवाय केलं जात होतं.

पावसाळा संपता संपता एका रविवारी सकाळी हिलाल टेम्पोवाला गाठोडं पाठीवर घेऊन दुसऱ्या मजल्यापर्यंत चढून आला. नेहमीपेक्षा मोठं होतं.

"मावशी, हाई अर्जंट शे. सांजले लेवाले येस मी," असं म्हणून तो घाम पुसत गेला.

आईंनी गाठोड्याला हात लावून डोळ्यांना लावला, गाठ सोडली, वरची साडी घेतली आणि कातर हातात धरली. धागा शोधायला त्यांनी घडी उलगडली, आणि त्या थांबल्या. मी मेथी निवडत होते, गजेंद्र पेपर वाचत होता. आईंचा हात असा कधी थांबत नाही, म्हणून आम्ही दोघांनी वर बघितलं.

निळ्या साडीवर गाठोड्यावर बसलेली म्हातारी होती.

"हाई कोन शे?" आईंनी विचारलं.

आम्ही दोघेही चोरासारखे बसलो. आईंनी चष्मा वर केला, साडी डोळ्यांशी नेली. मग त्यांचा डावा हात हळूच गळ्याशी गेला आणि त्यांनी दोरी चाचपली.

"मन्ही कातर," त्या म्हणाल्या.

त्या उठल्या. साडीचं एक टोक माझ्या हातात दिलं, "धर" म्हणाल्या आणि दुसरं टोक घेऊन उलट्या पावली गॅलरीत चालत गेल्या, पार शेवटच्या खोलीपर्यंत. साडी अख्खी उलगडली. खालून वारा आला आणि ती फुगली.

मी ती म्हातारी आजवर फोनवर पाहिली होती, अंगठ्याएवढी. इथे ती तळहाताएवढी होती आणि एक नव्हती. धुराड्यांवरून जात होती, पुलावरून जात होती, कबुतरांना हाताने बाजूला सारत होती. कुठे वाकून खाली बघत होती, कुठे दोन्ही हात सोडून हसत होती. प्रत्येकीचा चेहरा थोडा वेगळा होता. साडीवर वारा आला की त्या सगळ्या एकदम हलत, आणि चाळीतली गॅलरी आहे की आभाळ आहे, मला कळेना. इतके दिवस हिच्या तोंडात मी शब्द घालत होते. आता तिच्याजवळ एकही शब्द नव्हता आणि तिचं काही अडलं नव्हतं.

गजेंद्रने एकदा मला समजावलं होतं की डिझाइनचं एक टोक दुसऱ्याला असं जुळावं लागतं की जोड कुठे आहे ते कळता कामा नये. मी त्या साडीत जोड शोधायला लागले. एका धुराड्याचा धूर पुढे जाऊन नदी होत होता, नदी पुढे रस्ता होत होती, रस्ता पुन्हा धुराड्याशी येत होता. जोड मला सापडला नाही. हा माणूस रोज मला मोजे कुठे आहेत ते विचारतो, आणि याच्या आत हे एवढं होतं!

"पदर देख्या का?" तिकडून आईंचा आवाज आला.

मी टोक कपडे वाळवायच्या दोरीवर टाकून धावले. शेठने पदरात हवं ते टाक म्हणून सांगितलं होतं, हे मला नंतर कळलं. पदरावर समुद्र होता. वाळूवर गाठोडं उतरलं होतं आणि त्यावर बसून, आमच्याकडे पाठ करून, म्हातारी पाण्याकडे बघत होती. एवढ्या दिवसांच्या "पुढे?"चं उत्तर त्याने तिथे देऊन ठेवलं होतं. मलासुद्धा न सांगता.

गजेंद्र दारात येऊन उभा होता. पेपर अजून हातातच होता.

"हाई तुन्हं काम शे," आई म्हणाल्या. विचारलं नाही त्यांनी.

"हा, माय."

"आन् हाई पानी?"

"समुद्र शे. दुमसना." दुमस म्हणजे सुरतेच्या पश्चिमेचा किनारा.

"तू माले कधी लई गया नही."

"नही ना."

"म्हनीसन काढा?"

त्याने मान हलवली. आई पदराकडे पुन्हा बघायला लागल्या आणि आम्ही गाठोड्यावरून होणाऱ्या उद्धाराची वाट बघत राहिलो.

"मालवर बठनी हाई," त्या म्हणाल्या.

"हा, माय."

"पडी तर नही जाई ना ती?"

"नही."

"मंग बठू दे."

आणि त्या कामाला लागल्या. दिवसभर एकेक साडी मांडीवर घेऊन धागे कापत होत्या. इतर वेळी त्यांचा हात सपासप चालतो. आज त्या प्रत्येक म्हातारीपाशी जरा थांबायच्या.

माझ्याने राहवलं नाही. "आई, हे यांच्याकडून चोरलंय. नाव नाही, गाव नाही. यांनी साधं सांगितलंसुद्धा नाही कुणाला."

"मी जिंदगीभर साड्यासना धागा काप्यात. कोनले माहीत शे?"

"ते निराळं."

"निराळं शे," त्यांनी कबूल केलं. "पन मन्हा हात लागना तो लागना."

मला ते पटलं नाही. अजूनही पटलेलं नाही, चोरी ती चोरीच. पण त्यांच्यापुढे माझा आवाज चढला नाही. मी म्हटलं, "निदान यातली एक आपण विकत आणू. तुमच्यासाठी."

"कसाले? फिरू दे तिले. पेटीमा ठेईसन काय करनं?"

गजेंद्र ऐकत होता. जेवल्यावर झोपायला न जाता तो आईंजवळ येऊन बसला आणि घड्या घालू लागला.

संध्याकाळी गाठोडं बांधून गॅलरीत ठेवलं. हिलालला उशीर झाला होता. मी चहा केला आणि गजेंद्र आईंचा कप घेऊन गॅलरीकडे निघाला. दारातच तो थबकला आणि त्याने मागे हात करून मला बोलावलं.

आईंनी गाठोड्याला हात लावला, तो डोळ्यांना लावला. गॅलरीत दोन्ही बाजूंना बघितलं. कुणी नव्हतं. मग कठड्याला धरून त्या वर चढल्या आणि गाठोड्यावर बसल्या. पदर सारखा केला. समोरच्या बिल्डिंगीच्या वरून, पश्चिमेकडे बघायला लागल्या.

गजेंद्रने कप ओट्यावर ठेवला, जराही आवाज न करता.

"पेन कुठंय गं?" तो कुजबुजला.

मी चमच्यांच्या भांड्यातून काढून ते त्याच्या हातात दिलं. खाली टेम्पोचा हॉर्न वाजला, पुन्हा वाजला. आई उठल्या नाहीत. गाठोडं चांगलंच उंच होतं आणि आई ठेंगण्या. त्यांचे पाय जमिनीला टेकत नव्हते.