कुंडावर चिरलेला तुंबा

मी तुंबा आहे, वाळल्या भोपळ्याचं पाण्याचं भांडं. खरं सांगायचं तर अर्धा तुंबा. लांबण लावणार नाही. थकलोय.

मुरबाडच्या अंगाला डोंगराखाली एक पाडा आहे. तिथल्या नामाच्या झोपडीवर माझा वेल चढला होता. भावंडं कोवळी असतानाच कालवणात गेली. मला नामानं वेलावरच वाळू दिलं. मग मानेला भोक पाडून आतला गर कुजवून काढला, खडे घालून मला खळखळवलं, आठ दिवस पाणी भरलं आणि ओतलं. तेव्हा कुठं माझा कडूपणा गेला. दोरी बांधून त्यानं मला दोस्ताच्या, काळूरामच्या हाती दिलं.

"घे. प्लास्टिकमधलं पाणी पिऊन तोंड बिघडंल तुजं."

हे त्र्याण्णव सालातलं.

काळूराम शहापूरजवळचा. कालव्यावर चौकीदार. दिवसभर उन्हात चालायचा, मी त्याच्या खांद्याला. दुपारीसुद्धा माझ्या पोटात पाणी गार राही. त्याचा मला अभिमान होता. अजून आहे.

पुढं तो निवृत्त झाला, नामा वारला, घरात फ्रीज आला. मी खुंटीला गेलो. पण काळूराम रोज सकाळी मला फडक्यानं पुसायचा. नामाची तेवढीच वस्तू त्याच्याकडं उरली होती.

मग एका दिवाळीच्या सुट्टीत त्यानं ठरवलं, नातीला डोंगरावरचा धबधबा दाखवायचा. वैष्णवी सात वर्षांची. वाट सोपी, दीड तासाची, मोकळ्या माळावरून. मुलगा साईनाथ यानं पिशवीत पाण्याच्या तीन बाटल्या भरल्या. काळूरामनं त्या काढून ओट्यावर ठेवल्या.

"पाण्याच्या देवाला जाताना भरलं भांडं न्यायचं नाय. रिकामं न्यायचं, तिथं भरायचं. आमी असंच करत आलो."

"बाबा, तिथं पाणी नसलं तर?"

"कार्तिक सरंपर्यंत धार तुटत नाय."

"धार का तुमची चाकरी करते? तुमाला विचारून वाहते?" बायको गिरजा म्हणाली. पण चप्पल घालून तीही निघाली. मी खांद्याला, रिकामा.

माळावर झाडं नव्हती. पूर्वी होती म्हणे. काळा कातळ तापलेला, गवत पिवळं पडून मोडलेलं. अर्ध्या वाटेत वैष्णवीनं पाणी मागितलं.

"हे काय, आलंच," काळूराम म्हणाला. तीनदा म्हणाला. तिसऱ्यांदा त्याचा आवाज बसला होता.

आम्ही पोचलो. कड्यावरून पाण्याचा एक थेंब पडत नव्हता. शेवाळ वाळून काळं झालं होतं. माळावरचं रान तुटलं, तशी धार लवकर आटू लागली होती. काळूरामला ते ठाऊक नव्हतं. सात वर्षांत तो वर आलाच नव्हता.

पोरीचे ओठ पांढरे पडलेले. ती रडतही नव्हती, नुसती खाली बसली. साईनाथनं तिला उचललं. "खालच्या पाड्यावर नेतो."

"तासभर लागंल तुला. पोर सुकली हाय," गिरजा म्हणाली. मग नवऱ्याकडं वळली. "बोला ना आता. सकाळी तोंड लई चालत व्हतं."

काळूराम पुढं झाला. कड्याखालच्या कपारीत शिरला. तिथं कुंडाच्या तळाला बोटभर पाणी उरलं होतं, खाली सगळा गाळ. त्यानं ओंजळ घातली, गाळ उठला. तो निवळेपर्यंत थांबला. मग माझं तोंड बुडवायला गेला, पण माझी मान उभी, तोंड रुपयाएवढं. पाणी आत येईना. वरचं नितळ पाणी अलगद उचलायला पसरट, उथळ काहीतरी हवं होतं.

त्यानं मला मांडीवर घेतलं. एकदा हात फिरवला. कमरेचा कोयता काढून पातं माझ्या मानेवर उभं टेकवलं आणि वर दगड हाणला. दुसऱ्या घावाला मी चिरलो. दोन फाका झाल्या.

तो "नामा" एवढंच म्हणाला.

एका फाकेनं त्यानं सायीसारखं पाणी उचललं, धोतराच्या सोग्यातून गाळलं, दुसऱ्या फाकेत धरलं. वैष्णवी प्यायली. पाच वेळा प्यायली. मग म्हणाली, "आबा, गार हाय."

मग गिरजा प्यायली, साईनाथ प्यायला. काळूराम शेवटी.

निघताना साईनाथ म्हणाला, "दोनी घेऊ बाबा. घरी चिकटवून देतो."

"नको. एक हितं राहू दे. माज्यासारखा दुसरा कोणी शहाणा येईल."

 उतरताना गिरजानं त्याचा हात धरला. तसं तिला कधी करताना मी पाहिलं नव्हतं.

आता काळूराम नाही. मी तांदळाच्या पिंपात असतो. सून माझ्यानं तांदूळ काढते. काम हलकं आहे, तक्रार नाही. पण पाण्याची सवय लागलेल्या अंगाला कोरडं राहणं जड जातं.

तुम्ही वर गेलात तर पाणी घेऊन जा. देव रागावला तर रागावू द्या. आणि कपारीत माझी दुसरी फाक दिसली, तर वापरा. झाल्यावर पालथी घालून ठेवा. उताणी राहिली, तर कुजेल.