एकाचं उत्तर दहा जणांचं

भोपाळच्या एका मोठ्या कारखान्यात सुमित्रा आकडेवारीच्या विभागात होती. अयोध्या नगरात कामगारांसाठी घरं बांधावीत का, हे ठरवायला एका वर्षी कारखान्याच्या टाउनशिपमध्ये पाहणी निघाली. ती दारोदार हिंडली, पण भेटले ते बहुतेक बायकामुलांवाले. हॉस्टेलातले एकटे राहणारे एक तर शिफ्टला, नाहीतर झोपलेले.

त्यांच्यातले जे थोडे भेटले, त्यांत वर्ध्याचा अच्युत होता. त्याने चहा केला, घरच्या गोष्टी काढल्या, तिला बराच वेळ बसवून घेतलं. इथे घर घ्याल का, याला मात्र सरळ नाही म्हणाला. त्यानंतर सुमित्रा काम नसतानाही हॉस्टेलच्या रस्त्याने जाऊ लागली. तो दिसला की सायकल थांबवून दोन शब्द बोलायचा. त्यापुढे गाडी कधी सरकली नाही.

हिशेबाला बसल्यावर विलासरावांनी, तिच्या साहेबांनी, समजावलं की वस्तीत एकटे पुष्कळ आहेत, आपल्या कागदावर मात्र नावापुरते आलेत. तेव्हा त्यांच्या उत्तरांना वेटेज द्यायचं, एकाचं उत्तर दहा जणांचं धरायचं. नाहीतर संसारी लोकांचं मत तेच सगळ्यांचं होऊन बसेल.

तिला पटलं. पण अच्युतचं 'नाही' दहापट करायची वेळ आली तेव्हा तिने पेन खाली ठेवलं. इतक्या थोड्या माणसांवर एवढा भार टाकणं बरं नाही, आणखी उत्तरं आणते, असं ती म्हणाली. ते खरंही होतं. विलासरावांनी होकार दिला.

शिफ्ट सुटल्यावर तिने हॉस्टेलातल्या खोल्या पालथ्या घातल्या आणि शेवटी अच्युतच्या दारात उभी राहिली.

"तुमचं उत्तर बदललं असेल तर सांगा."

"आईबाबा थकलेत," तो म्हणाला. "आणि इथं थांबायला माझं कोण आहे?"

सुमित्राने कागदावर त्याचं नाव शोधलं.

"मग नाहीच ठेवते."

तो क्षणभर तिच्याकडे बघत राहिला, जणू ती अजून काही बोलेल. तिने पेनाचं टोपण लावलं आणि जिना उतरली.

नव्या उत्तरांत हो म्हणणारे बरेच निघाले. घरं बांधली गेली. अच्युत पुढच्या वर्षी बदली मागून नागपूरला गेला. सुमित्राने त्यातलंच एक घर घेतलं, एकटीने. शेजारी नवा भाडेकरू आला की ती आधी दारावरची नावाची पाटी वाचून येते.